पायरी, देवडी आणि लॉबी : आपल्या प्रवेशदालनांचा इतिहास



आजचा विषय वाचून एक-दोघांनी विचारले, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने जिना आणि लॉबी हा विषय कशाला घेतला? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की हा विषय मराठी भाषेनेच तत्त्वज्ञानाच्या दारात आणून ठेवला आहे. 'पायरी' या एका शब्दात आपण दोन गोष्टी भरल्या आहेत. जिच्यावर पाय ठेवून वर चढायचे ती एक पायरी. समाजाने माणसाला नेमून दिलेली जागा ही दुसरी. 'पायरी सोडून बोलू नकोस', 'आपली पायरी ओळखून राहा', असे आपण सहज म्हणतो. तेव्हा घरात जिना कुठे ठेवायचा, तो कुणाला दिसायचा, कुणी कुठल्या जिन्याने यायचे, हे प्रश्न नुसते सुतारकामाचे किंवा हौसेचे राहत नाहीत.

दुसरे निमित्त आपल्या अंधेरीचे. लोखंडवाला असो, चार बंगला असो, नाहीतर पूर्वेला मरोळ-चकाला असो, चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहत आहेत. पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरचा माणूस पडद्यावर पहिले चित्र दाखवतो ते घराचे नसते. ते असते 'डबल हाइट एन्ट्रन्स लॉबी'चे. दोन मजले उंच दालन, गुळगुळीत संगमरवर, वरून लोंबणारे झुंबर, एका भिंतीवर पाण्याचा पडदा. सभासद त्या चित्राकडे बघतात आणि आपल्या स्वयंपाकघराची लांबी-रुंदी विचारायची विसरतात! हे दोन मजली दालन आपल्याकडे आले कुठून, त्याच्याआधी आपल्याकडे काय होते, आणि त्याची सजावट नक्की कुणासाठी असते, हे तीन प्रश्न आज आपण घेणार आहोत.

डोंगरात कोरलेली दालने

सुरुवात घराजवळूनच करू. अंधेरी पूर्वेला महाकालीची लेणी आहेत. जुने नाव कोंडिविटे. तिथून थोडे उत्तरेला जोगेश्वरीचे लेणे, साधारण सहाव्या शतकातले. जोगेश्वरीला आत जाताना आपण पायऱ्या चढत नाही, उतरतो. दोन्ही बाजूंना कापलेला खडक, डोक्यावरचे आकाश हळूहळू अरुंद होत जाते, मग प्रवेशमंडप लागतो आणि त्यापुढे खांबांचे मोठे दालन. बाहेरचा उजेड आणि आतला अंधार यांची गाठ एकदम पडत नाही, टप्प्याटप्प्याने पडते. प्रवेशदालनाचे पहिले काम हेच आहे. डोळ्यांना, श्वासाला आणि मनाला जागा बदलल्याचे कळायला थोडा अवधी देणे.

उंच दालनाचे आपल्याकडचे सर्वात भव्य जुने उदाहरण हवे असेल तर लोणावळ्याजवळ कार्ल्याला जावे. तिथल्या चैत्यगृहापुढे जो व्हरांडा आहे, तो खऱ्या अर्थाने अनेक मजली प्रवेशदालन आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींत तळाशी हत्ती कोरले आहेत आणि त्या हत्तींच्या पाठीवर मजल्यावर मजले रचल्यासारख्या वास्तूंची शिल्पे चढत गेली आहेत. म्हणजे दगडात कोरलेले हे दालन 'मी अनेक मजल्यांचे आहे' असे सांगते, पण वर जायला जिना नाही. मजले फक्त बघायचे आहेत.

आणि या दालनाचे पैसे कुणी दिले? एका राजाने नव्हे. भूतपाल नावाच्या वैजयंतीच्या श्रेष्ठीचा लेख तिथे आहे, त्यात हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे अभिमानाने नोंदवले आहे. शिवाय खांबाखांबावर वेगवेगळ्या दात्यांची नावे आहेत. दरवाजाचे दान धेनुकाकटच्या एका गांधिकाने, म्हणजे अत्तराच्या व्यापाऱ्याने दिले. आजच्या भाषेत बोलायचे तर हे वर्गणीतून उभे राहिलेले सामायिक दालन आहे. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी, कारागीर, भिक्षू आणि परदेशी यवनसुद्धा एका प्रवेशदालनाचे सहदाते होते, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

वाडा : चौक उघडा, जिना लपलेला

आता घराकडे येऊ. मराठी घराचे नमुनेदार रूप म्हणजे वाडा. मोठा दरवाजा, त्यात छोटी दिंडी. दिंडीतून आत जाताना मान वाकवावीच लागते. आत आलात की देवडी. तिथे पहारेकरी बसायचे, निरोप घ्यायचे, आलेल्या माणसाची पारख करायचे. देवडीतून चौकात. चौकाच्या भोवती ओसरी किंवा सोपा, त्यामागे माजघर, वर माडी, माडीवर दिवाणखाना. पुण्याचा शनिवारवाडा 1730 ते 1732 या काळात बांधला गेला. 1828च्या आगीत आतले जवळपास सगळे लाकूडकाम गेले, पण दिल्ली दरवाजा आणि त्यावरचा नगारखाना बघून देवडीचा दरारा काय असेल याची कल्पना आजही येते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तिथे चौक आणि भिंतींवरची चित्रे बघायला मिळतात.

इथे एक बारकावा आहे. वाड्यातली दोन मजली उंचीची जागा कोणती? चौक. वर आकाश, चारी बाजूंना दोन मजल्यांचे खांब, कडीपाटाच्या कडा, वरच्या मजल्याचे कठडे. म्हणजे 'डबल हाइट' जागा आपल्याकडे होतीच. पण जिना त्या जागेत नव्हता! वाड्याचा जिना बहुधा भिंतीच्या जाडीत किंवा कोपऱ्यात, अरुंद, उभा आणि अंधारा. एका वेळी एकच माणूस चढेल एवढाच. पायरीवर पाय अर्धाच मावतो, आणि हात कठड्यावर नाही तर भिंतीवर किंवा वरून सोडलेल्या दोरीवर असतो.

असे का? कारणे एकात एक गुंतलेली आहेत. पहिले संरक्षण. अरुंद जिन्यावर एक माणूस दहा जणांना अडवू शकतो. दुसरे खासगीपण. वरच्या मजल्यावर कोण गेले, कोण आले, हे चौकात बसलेल्या परक्याला दिसू नये. तिसरे कारण साधे बांधकामाचे. लाकडी तुळयांच्या मजल्यात मोठे भोक पाडायचे म्हणजे तुळया तोडायच्या आणि त्यांचे वजन आडव्या लाकडांवर घ्यायचे. जिन्याचे भोक जितके लहान, तितका मजला मजबूत. त्यामुळे सजावट जिन्यावर झालीच नाही. ती झाली दाराच्या गणेशपट्टीवर, खांबांच्या कोरीवकामावर, कोनाड्यातल्या दिव्यावर, उंबरठ्यापुढच्या रांगोळीवर आणि दिवाणखान्यातल्या हंड्या-झुंबरांवर. वाड्यात तुमचे स्वागत व्हायचे ते उंबरठ्यापाशी. जिना हा मिरवण्याचा भाग नव्हता.

आपल्या अंधेरीच्या परिसरात मात्र आणखी एक परंपरा होती, तिची आठवण फार कमी जणांना असते. मरोळ, आंबोली, वेसावे इथली गावठाणे आणि त्यांतली ईस्ट इंडियन कुटुंबांची घरे. अशा जुन्या घरांत जिना कित्येकदा बाहेरच असतो. समोरून किंवा बाजूने चढत थेट वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात जाणारा, लाकडी कठड्याचा. खाली एक बिऱ्हाड, वर एक बिऱ्हाड, आणि दोघांनाही आपापले दार. या जिन्याच्या खालच्या पायरीवर संध्याकाळी माणसे बसतात, मासळी साफ होते, गप्पा होतात. वाड्याचा जिना आत दडलेला आणि गावठाणाचा जिना रस्त्यावर उतरलेला. दोन्ही आपलेच.

जिना दालनाच्या मध्यभागी येतो

मग जिना उंच दालनाच्या मध्यभागी कधी आला? युरोपात ही गोष्ट सोळाव्या शतकात ठळक झाली. फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयासाठी मायकेलअँजेलोने एक प्रवेशदालन आखले. खोली लहान पण उंच, आणि तिच्या जमिनीवर जिना असा पसरलेला की जणू वरून लाव्हा वाहत आला आहे. जिना हेच तिथले शिल्प आहे. पुढे राजवाड्यांनी ही युक्ती उचलली. पाहुणा खालून वर चढतो, यजमान वर उभा राहतो, आणि तेवढ्या पन्नास पावलांत कोण मोठा हे ठरून जाते. पॅरिसचे ऑपेरागृह 1875 साली उघडले. तिथला जिना नाटक बघायला जाण्यासाठी कमी आणि स्वतः दिसण्यासाठी जास्त होता.

'फॉयर' हा शब्दही तिकडचाच. फ्रेंच उच्चार 'फ्वाये'. मूळ अर्थ चूल, शेकोटी. थंडीत नाट्यगृहात आलेले लोक जिथे शेकोटीपाशी ऊब घेत ती जागा. म्हणजे शब्दाच्या मुळाशी ऊब आहे, दिमाख नाही. दिमाख नंतर चढला.

हे सगळे मुंबईत आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तीन वास्तू आपण क्रमाने बघू.

पहिली भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. 1872 साली ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडले. 1975 साली त्याला ज्यांचे नाव दिले गेले ते भाऊ दाजी हे मुंबईचे शेरीफ, वैद्य, संस्कृत पंडित, आणि या संग्रहालयाच्या उभारणीमागचे एक मुख्य प्रवर्तक. आत जा. दोन मजली दालन, बिडाचे सडपातळ खांब, वरच्या मजल्याचा सज्जा चारी बाजूंनी, इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या नक्षीदार लाद्या, आणि वर नेणारा रुंद लाकडी जिना. आता मघाचा बांधकामाचा मुद्दा आठवा. बिडाचे खांब आणि लोखंडी तुळया आल्या म्हणून मजल्यात एवढे मोठे भोक ठेवणे शक्य झाले. चौक तोच, त्यावर छप्पर आले आणि कोपऱ्यातला जिना बाहेर येऊन सर्वांसमोर उभा राहिला. 2003 ते 2008 या काळात या वास्तूचे जतनकाम झाले. महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ते केले, आणि 2005 साली त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा-जतन पुरस्कार मिळाला. छताची सोनेरी आणि हिरवट रंगसंगती बघितली की कळते, उंच दालनात रंग कुठे लावायचा. नजर जिथे थांबते तिथे. सगळीकडे नाही.

दुसरी वास्तू छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची रचना, काम 1878 ते 1888. घुमटाखालचा मोठा जिना भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्यांचा आहे, खाली खांब नाही. तिथली कोरीव पाने, फुले, पक्षी, प्राणी यांत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात आहे. आणि ज्या दगडांवर त्या काळच्या मुंबईने आपली तोंडे सजवली, त्यांतला पिवळसर दगड मालाडच्या खाणींतला आणि निळसर-करडा कुर्ल्याचा. म्हणजे दक्षिण मुंबईच्या जिन्यांना आणि कमानींना दगड पुरवला तो आपल्या उपनगरांनी! उपनगरांत मात्र तेव्हा भातखाचरे होती.

तिसरी वास्तू ताजमहाल हॉटेल, 1903. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, पुढे काम पूर्ण केले डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. मधला तरंगता वाटणारा जिना मात्र खानसाहेब सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर या बांधकाम ठेकेदारांच्या नावावर सांगितला जातो. मराठी माणसाने आखलेले आणि पारशी ठेकेदाराने उभे केलेले हे दालन. 'हे सगळे साहेबाचे' असे आपण सरसकट म्हणतो, ते तितकेसे खरे नाही.

आणि एक गमतीची उलट गोष्ट सांगतो. जॉर्ज विटेट यांनी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम बांधले, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याच्या उंच मध्यवर्ती दालनात नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेली लाकडी कमानींची रचना बसवली आहे. वाड्याचा चौक मोडला, पण त्याचे खांब संग्रहालयाच्या चौकात येऊन उभे राहिले.

मागचा जिना

आता विषयाची अवघड बाजू. पुढचा जिना सजला, त्याच वेळी मागे दुसरा जिना उभा राहिला. फोर्ट, गिरगाव, ताडदेव इथल्या जुन्या इमारतींच्या मागे जाऊन बघा. दोन इमारतींमधल्या हाऊस गल्लीत बिडाचा गोल जिना दिसेल, गंजलेला, एका माणसापुरता. तो सफाई कामगारांसाठी आणि नोकरांसाठी होता. मैला वाहून नेणाऱ्या माणसाने पुढच्या जिन्याला पाय लावायचा नाही, म्हणून हा जिना. पुढच्या जिन्याची नक्षी आणि मागच्या जिन्याचा गंज एकाच आराखड्यात, एकाच कागदावर काढलेले होते. 'पायरी'चे दोन्ही अर्थ इथे एक झाले.

हे इमारतींनी शोधून काढले असे नाही. त्यांनी ते समाजाकडून घेतले. पंढरपूरला नामदेव पायरी आहे. विठ्ठलाच्या दारी येणाऱ्या संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी त्या पायरीखाली समाधी घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. पायरीच्या पलीकडे नाही, अलीकडे. कारण चोखोबांना आत प्रवेश नव्हता. 1 ते 10 मे 1947 असे दहा दिवस साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा ते मंदिर दलितांना खुले झाले. त्याच्या वीस वर्षे आधी, 1927 साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. तिथेही प्रश्न पायऱ्यांचाच होता, की त्या कुणी उतरायच्या. महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास पायऱ्यांवर लिहिला गेला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

चाळीने यात एक वेगळी गोष्ट केली. 1896च्या प्लेगनंतर 1898 साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याच्या बीआयटी चाळी आल्या. 1920नंतर बीडीडीच्या 207 चाळी उभ्या राहिल्या. चाळीच्या जिन्याला सजावट नव्हती. पण तो सगळ्यांचा होता. त्यावरून वरात गेली आणि तिरडीही उतरली, गणपती आला, गिरणीच्या पाळीला जाणारा माणूस पहाटे चप्पल हातात घेऊन उतरला. मधल्या मजल्यावरच्या वळणावर पोरांनी अभ्यास केला. बाबासाहेब स्वतः अनेक वर्षे परळच्या बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहिले. तिथून हा माणूस जगाच्या परिषदांना गेला. चाळीचे गोडवे गायचा आमचा हेतू नाही. सामायिक संडास, जागेची टंचाई, आणि चाळीचाळींत असलेले जातवार वाटप हे सगळे होतेच. पण जिना एक होता, एवढे मान्य करू.

1930च्या दशकात आरसीसी आले आणि आर्ट डेको शैली आली. 1938च्या इरॉस चित्रपटगृहाचे दालन काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे आणि कठडे चकचकीत क्रोमियमचे. पण आम्हाला महत्त्वाच्या वाटतात त्या मरीन ड्राइव्ह, दादर, माटुंगा इथल्या मध्यमवर्गीय इमारती. तिथे जिन्याच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत उभी काच, कठड्यात सूर्यकिरणांची लोखंडी नक्षी, जमिनीला मोझेक किंवा 1922 साली सुरू झालेल्या भारत टाइल्सच्या स्वदेशी लाद्या. फार खर्च न करता, रोज वापरायच्या जिन्याला उजेड आणि डौल दिला. सामायिक जिन्याच्या सजावटीचा इतका शहाणा काळ मुंबईत आधी नव्हता आणि नंतरही फारसा आला नाही.

टॉवरची लॉबी

यानंतर अंधेरीची बारी. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथे ज्या सोसायट्या झाल्या त्यांचा नमुना तुम्हाला पाठ आहे. खाली खांबांवर उभा केलेला स्टिल्ट, त्यात गाड्या, एका कोपऱ्यात लिफ्ट, तिच्याभोवती फिरणारा जिना, पत्रपेट्यांची लाकडी चौकट, नावांचा काळा फळा, वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची. सौंदर्य शून्य, पण लिफ्ट बंद पडली की सगळे त्याच जिन्याने.

आजच्या टॉवरमध्ये लिफ्ट चार असतात, आणि जिना अग्निसुरक्षेच्या जाड दरवाजामागे असतो. ते आवश्यकच आहे, धूर जिन्यात शिरू नये म्हणून. पण परिणाम बघा. लॉबी दोन मजली उंच, आणि तिच्यात जिना नाही! आपण फिरून वाड्यापाशी आलो. उंच जागा वेगळी, जिना लपलेला. फरक इतकाच, की वाड्याच्या चौकाला आकाश होते आणि लॉबीला एसी आहे. आणि हाऊस गल्लीतला गोल जिना गेला असला तरी 'सर्व्हिस लिफ्ट' आली. घरकाम करणाऱ्या बाई, दूधवाला, जेवण पोहोचवणारा मुलगा यांनी अमुक लिफ्टने जायचे, असा कागद कित्येक इमारतींत चिकटवलेला असतो. सामान नेण्यासाठी वेगळी लिफ्ट असणे ही सोय आहे. माणसांची वर्गवारी करण्यासाठी असणे, हा मागचा जिनाच आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो? महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अॅक्ट, 1970 मध्ये सामायिक जागांच्या व्याख्येत लॉबी, जिने, येण्याजाण्याचे मार्ग ही नावे स्पष्ट आहेत. म्हणजे ती जागा कुण्या एकाची नाही, कार्ल्याच्या व्हरांड्यासारखी सगळ्यांच्या वर्गणीची आहे. बिल्डर ती भेट देत नाही. तिची किंमत आणि पुढची देखभाल सभासदच भरतात.

मग ती सजवायची कशी? अशा एका सभेला आम्ही बसलो होतो. चित्र दाखवून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, 'यात वॉचमन कुठे बसणार?' उत्तर आले, 'मॅडम, ते फायनल ड्रॉइंगमध्ये येईल.' त्या बाईंच्या प्रश्नाइतका चांगला वास्तुशास्त्रीय प्रश्न आम्ही बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. त्याच धर्तीवर तीन कसोट्या सुचवतो.

पहिली बसण्याची. देवडीत पहारेकऱ्याला कट्टा होता. दोन मजली लॉबीत वॉचमनला पाठ टेकायला जागा, पंखा आणि प्यायचे पाणी आहे का? पार्सल घेऊन आलेल्या मुलाला पाच मिनिटे बसता येते का? पाहुण्यांसाठीच्या सोफ्यावर कधीच कुणी बसत नाही आणि ज्याचे पाय दुखतात तो उभा असतो, अशी लॉबी सजवलेली म्हणता येणार नाही.

दुसरी चढण्याची. सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लाँडेल यांनी जिन्याचे गणित मांडले. दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी म्हणजे माणसाचे एक पाऊल. आजच्या मापात साधारण 60 ते 65 सेंटीमीटर. पायरी 15 सेंटीमीटर उंच आणि 30 रुंद असेल तर बेरीज 60 होते, गुडघे कुरकुरत नाहीत. 19 उंच आणि 25 रुंद घेतली तर बेरीज 63, गणित जमते, पण आमच्या वयाच्या माणसाला दुसऱ्या मजल्यावर दम लागतो. म्हणून निदान लॉबीपासून पोडियमपर्यंतचा एक जिना उघडा, रुंद, दिसणारा असावा. कठडा हाताच्या पकडीत मावेल असा गोल. वळणावर चित्र किंवा खिडकी. झुंबराचे पैसे तिथे घाला.

तिसरी उजेडाची. उंच दालनात सजावट साधारण माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला आणि नजर जिथे वळते त्या टोकाला असावी. मधली भिंत मोकळी सोडली तरी चालते. झुंबर लावणार असाल तर विचारा, वीस फुटांवरचा दिवा गेल्यावर बदलणार कोण आणि कशावर चढून? तत्त्वज्ञ विटगेनस्टाइनने 1926 ते 1928 या काळात व्हिएन्नात आपल्या बहिणीचे घर आखण्यात भाग घेतला. झुंबर नाही, पडदे नाहीत, नुसते उघडे दिवे. पण एका खोलीचे छत त्याने तीन सेंटीमीटर वर उचलून घेतले, प्रमाण चुकते म्हणून. इतका कडक साधेपणा आपल्याला मानवणार नाही. तोरण आणि रांगोळीशिवाय आपल्याला दार दारासारखे वाटत नाही, आणि त्यात गैर काही नाही. पण प्रमाण आधी आणि दागिना नंतर, एवढे त्याच्याकडून घ्यावे.

शेवटी आपल्या परंपरेतला एक न्याय सांगून थांबतो. मीमांसक आणि टीकाकार 'देहलीदीपन्याय' वापरतात. देहली म्हणजे उंबरठा. आपल्या 'देवडी'चे नाते याच शब्दाशी जोडतात. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घराच्या आतही उजेड देतो आणि बाहेरही. वाक्यातला एखादा शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही भागांना लागू पडतो, तेव्हा हा न्याय सांगतात. पण आम्हाला वाटते, प्रवेशदालनाची याहून चांगली व्याख्या नाही. लॉबीचा दिवा आत राहणाऱ्यांसाठी असतो तितकाच बाहेरून येणाऱ्यासाठीही असतो. तो कुणासाठी लावायचा, हे वास्तुविशारद ठरवत नाही. ते सोसायटीच्या सभेत ठरते, हात वर करून. तेव्हा पुढच्या सभेला जाल, तेव्हा चित्रातल्या झुंबराखाली आपल्या घरी रोज येणारी माणसे एकेक करून उभी करून बघा. त्यांतली किती जणे तिथे अवघडून न जाता उभी राहू शकतील, ते मोजा. मग हात वर करायचा की नाही ते ठरवा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.